घरी आला की खोकतो

फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात इंदूरजवळ, राऊच्या पुढे, महूच्या वाटेवर असलेल्या एका खाजगी रायडिंग शाळेतून फोन आला. बोलणारी मुलगी सतरा वर्षांची. "काका, खोकल्यासाठी नाही बोलावत तुम्हाला. खोकला म्हटलं की सगळे सर्दी म्हणून सोडून देतात. पण सातव्या-आठव्या अडथळ्यानंतर घोडा माझ्याखाली संपतो. पाय दुखतोय असं वाटत नाही. श्वासच पुरत नाही त्याला."

ही तक्रार मी वहीत तिच्याच शब्दांत उतरवून ठेवली. इंदुरात नुसत्या घोड्यांवर डॉक्टरचं पोट भरत नाही. माझं निम्मं काम गाई-म्हशींचं आणि उरलेलं कुत्र्यांचं. पण 2023 साली हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या ड्रेसाज (घोड्याच्या शिस्तबद्ध चालींची स्पर्धा) संघाने सुवर्णपदक घेतलं, त्या संघात इंदूरची सुदीप्ती हजेला होती. तेव्हापासून मला येणारे घोड्यांचे फोन बदलले आहेत. पूर्वी विचारायचे, घोडा लंगडतो का, खातो का. आता विचारतात, घोडा पूर्ण ताकदीने का खेळत नाही. हा प्रश्न जास्त अवघड आहे, कारण त्यातला घोडा ठाणावर उभा असताना अगदी धडधाकट दिसतो.

घोड्याचं नाव इथे बादल ठेवतो. नऊ वर्षांचा, कुमैत म्हणजे तांबूस-तपकिरी, खच्ची केलेला, थरोब्रेड या रेसच्या जातीचा, वजन साधारण 460 किलो. आधी रेसकोर्सवर धावलेला, मग जंपिंगला आलेला, 1.10 मीटरच्या गटात उतरणारा. नोव्हेंबरच्या मध्यापासून सकाळी काम सुरू झालं की पहिल्या दहा मिनिटांत दोन-तीनदा खोकायचा, मग थांबायचा. ताप एकदाही नाही. चारा-दाणा नेहमीसारखा. कामानंतर कधीकधी दोन्ही नाकपुड्यांतून थोडा पांढरट शेंबूड. आणि दौडीनंतर श्वास खाली यायला पूर्वीपेक्षा फार वेळ लागायचा.

फाइलमध्ये काय होतं

मालकांनी, म्हणजे मुलीच्या वडिलांनी, जाडजूड फाइल पुढे केली. तीन महिन्यांत अँटिबायोटिकचे दोन कोर्स, एक कफ सिरप, मधे कुणीतरी दिलेला अडुळशाचा काढा. नाकातून घेतलेल्या स्वॅबचा कल्चर रिपोर्ट होता. त्यात स्ट्रेप्टोकॉकस झूएपिडेमिकस उगवला होता आणि खाली कुठलं औषध लागू पडेल याची यादी. दुसरा कोर्स त्या यादीवरून दिलेला.

हा जंतू निरोगी घोड्याच्या नाका-घशात एरवीही राहतो. नाकाच्या स्वॅबमध्ये तो सापडणं म्हणजे इंदूरच्या राजवाड्यासमोर पोहे सापडण्यासारखं आहे; त्यावरून फुफ्फुसात काय चाललंय याचा अंदाजही येत नाही. पहिल्या कोर्सच्या वेळी खोकला आठवडाभर कमी झाला होता, म्हणून सगळ्यांची खात्री पटली की संसर्गच आहे. त्याच आठवड्यात घोडा विश्रांतीवर होता आणि दिवसभर बाहेर बांधलेला होता, हे फाइलमध्ये कुठेच नव्हतं. ते मला नंतर कळलं.

एका कागदावर आधीच्या डॉक्टरांनी लिहिलं होतं: "दमा नाही, पोट हलत नाही." मला यात त्यांची चूक कमी आणि आमच्या शिक्षणाची जास्त वाटते. आम्ही शिकलो ते हीव्ज: म्हातारा घोडा, उभ्या उभ्या धापा टाकणारा, श्वास सोडताना पोट दोनदा आवळणारा, बरगड्यांखाली चर पडलेला. तो आजार आहेच, आणि सहसा सात वर्षांवरच्या घोड्यांतच दिसतो. पण त्याच्या अलीकडे एक सौम्य प्रकार असतो, कोणत्याही वयात होणारा. त्यात विश्रांतीच्या वेळी श्वास अगदी शांत असतो, अधूनमधून खोकला येतो आणि मैदानावर घोडा कमी पडतो. या दोन्हींना पूर्वी वेगवेगळी नावं होती आणि त्यांचा बराच गुंता झालेला होता. 2016 साली तज्ज्ञांच्या सहमतीच्या निवेदनाने दोन्ही 'घोड्यांचा दमा' या एका छत्राखाली आणले: सौम्य-मध्यम आणि तीव्र. त्यामुळे 'पोट हलत नाही' यावरून तीव्र दमा नाही एवढंच ठरतं.

फाइलमधली एक गोष्ट मात्र मला मनापासून आवडली. जानेवारीच्या सुरुवातीला नाकातून शेंबूड येतोय हे पाहून शाळेतल्या कुणीतरी 'ग्लँडर्स' या घोड्यांच्या जीवघेण्या संसर्गाचं नाव उच्चारलं होतं आणि मालकांनी घाबरून का होईना, सरकारी पशुवैद्यकीय विभागामार्फत रक्ताचा नमुना हिसारच्या राष्ट्रीय अश्व अनुसंधान केंद्राकडे पाठवला होता. निगेटिव्ह. ग्लँडर्स माणसालाही होतो आणि जनावरांच्या संसर्गजन्य रोगांविषयीच्या 2009 च्या कायद्याप्रमाणे त्याची खबर सरकारला देणं बंधनकारक आहे. घोड्याच्या नाकातून महिनोन्महिने काही वाहत असेल तर आपल्या देशात हे आधी बाजूला सारायचं आणि रिपोर्ट येईपर्यंत हाताला जखम असलेल्या माणसाला त्या घोड्याजवळ जाऊ द्यायचं नाही. दम्याचा विचार त्यानंतर.

सईस काय म्हणाला

मी घोड्याभोवती फिरत होतो तेव्हा सईस, म्हणजे घोड्याची देखभाल करणारा, लगाम धरून गप्प उभा होता. पन्नाशीचा माणूस, हाटपिपल्याकडचा. त्याची माळवी हिंदी आणि माझी मराठी, इंदुरात हे असंच चालतं. मालक आत चहा सांगायला गेले तेव्हा तो हळूच म्हणाला, "साहब, ये घर पे ही खाँसता है."

मी विचारलं, म्हणजे काय. तर जानेवारीत कॅम्प आणि स्पर्धा मिळून बारा दिवस घोडे भोपाळला होते. तिथे मोकळ्या मैदानात कनातीचे तात्पुरते तबेले. पहिले तीन-चार दिवस बादल थोडा खोकला, मग नाही. शेवटच्या दिवशी त्याने एकही अडथळा न पाडता सगळे पार केले. परत आल्यावर तिसऱ्या की चौथ्या सकाळी पुन्हा सुरू. हे त्याने आधी कुणाला सांगितलं नव्हतं का? सांगितलं होतं. त्यावर उत्तर मिळालं होतं की भोपाळची हवा चांगली आहे.

माझ्या दृष्टीने अर्धं निदान तिथेच झालं होतं. संसर्ग असलेला घोडा पत्ता बदलल्यामुळे बरा होत नाही आणि घरी परतल्यावर तीन दिवसांत आजारी पडत नाही. शिवाय शेजारच्या सोळा घोड्यांपैकी एकालाही तीन महिन्यांत खोकला झाला नव्हता. इन्फ्लुएंझा किंवा स्ट्रँगल्स (घशाखाली गाठी आणणारा घोड्यांचा संसर्ग) तबेल्यात शिरला की एका ठाणावर थांबत नाही. पण अर्धंच म्हणायला हवं. 'खेळत नाही' या तक्रारीमागे लंगडणं सगळ्यात जास्त वेळा निघतं, आणि सईसाचं एक वाक्य ऐकून मी पाय न तपासता छातीकडे वळलो असतो तर फाइलमधल्या डॉक्टरांवर बोलायचा मला हक्क उरला नसता.

म्हणून आधी दुडकीवर सरळ आणि गोलात, कडक जमिनीवर आणि वाळूत; चारही पायांच्या फ्लेक्शन टेस्ट, म्हणजे सांधा थोडा वेळ वाकवून धरायचा आणि लगेच पळवून बघायचं; पाठ; नाल. काही नाही. कामाआधी आणि कामानंतर हृदय ऐकलं, ठोके नियमित. विश्रांतीत नाडी 36, श्वास मिनिटाला 14, अंगाचं तापमान 37.8 सेल्सियस, घोड्यासाठी नेहमीचं. रक्तात पांढऱ्या पेशी आणि फायब्रिनोजेन (सूज किंवा संसर्गात वाढणारं प्रथिन) दोन्ही नेहमीच्या मर्यादेत.

शांत छाती आणि काळी पिशवी

स्टेथोस्कोप लावून दोन्ही बाजूंची छाती ऐकली. काहीही नाही. चांगल्या घोड्याचा श्वास विश्रांतीत इतका हळू असतो की बरगड्यांमधून त्याचा आवाज येतच नाही, आणि सौम्य दम्याच्या घोड्याचीही तीच गत. इथेच फसायला होतं.

याचं कारण आकड्यांत आहे. उभा घोडा मिनिटाला साठ-ऐंशी लिटर हवा आत-बाहेर करतो. पूर्ण वेगात तोच आकडा दीड हजाराच्या वर, अठराशे लिटरपर्यंत जातो. ही सगळी हवा फक्त नाकातून. घोड्याला तोंडाने श्वास घेता येत नाही. आणि चौखूर धावताना एका झेपेला एकच श्वास, झेपेचा ताल श्वासाला बांधलेला. त्यामुळे दमला म्हणून घाईने दोन श्वास जास्त घेण्याची सोय त्याला नाही. बारीक श्वासनलिकांना थोडी सूज आली, थोडा चिकट कफ बसला, तर ठाणावर काहीच फरक दिसत नाही. सातव्या-आठव्या अडथळ्याला दिसतो.

मग छातीला बोलतं करायचं कसं? कचऱ्याची मोठी काळी पिशवी. 2017 साली स्वच्छतेत पहिला नंबर आल्यापासून इंदुरात या पिशव्यांची वाण नाही. पिशवी घोड्याच्या नाकावर सैलसर धरायची, दोन्ही नाकपुड्या आत, कड हातांनी आवळलेली. आपणच सोडलेली हवा परत घेतल्याने त्याच्या रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि तो खोल खोल श्वास घेऊ लागतो. तेव्हा ऐकायचं. बादल दीड मिनिट उभा राहिला. पिशवी फुगायची, मग त्याच्या नाकाला चिकटायची, पुन्हा फुगायची. मग तो तीनदा खोकला. उजव्या बाजूला, वरच्या भागात, श्वास सोडण्याच्या शेवटी एक बारीक शिट्टी ऐकू आली, केटलीच्या तोंडातून वाफ सुटायला लागते त्या क्षणासारखी. पिशवी काढल्यावर निरोगी घोडा चार-पाच श्वासांत सावरतो. बादलला मिनिटाहून जास्त लागलं.

मुलीने स्टेथोस्कोप मागितला. तिला ऐकू आली का माहीत नाही, पण ती म्हणाली, "हाच आवाज मला पायांना कळतो."

नळी आत

माझ्याकडे 160 सेंटिमीटरचा एक जुना कोलोनोस्कोप आहे, माणसांच्या कामातून बाद झाल्यावर विकत घेतलेला. घोड्यांचा खास एंडोस्कोप याच्या दुप्पट लांब असतो आणि त्याची किंमत ऐकून मी दरवेळी विषय बदलतो. पण कोलोनोस्कोप श्वासनलिकेच्या खालच्या भागापर्यंत पोचतो, आणि इथे तेवढं पुरेसं होतं.

मुलीने घोड्याला नेहमीसारखं काम दिलं. चाळीस मिनिटांनी, भूल न देता, वरच्या ओठाला ट्विच (घोडा स्थिर राहावा म्हणून ओठ आवळायचा फास) लावून स्कोप आत घातला. गुंगीचं इंजेक्शन दिलं की कंठाचे स्नायू सैल पडतात आणि कंठाविषयी खोटी माहिती मिळते, म्हणून हा भाग जागेपणीच करावा लागतो. मोठ्या थरोब्रेडमध्ये डाव्या बाजूची स्वरयंत्राची नस कमजोर होणं नेहमीचं. त्या घोड्यांना श्वास घेताना घरघर येते. बादलचा आवाज तसा कधीच नव्हता, आणि नाकपुड्या क्षणभर दाबून सोडल्यावर कंठाचे दोन्ही पडदे सारखे आणि पूर्ण उघडले. मऊ टाळू जागेवर होता. वेगात टाळू सरकतो का हे उभ्या घोड्यात ठामपणे सांगता येत नाही. त्यासाठी धावत्या घोड्यावर बसवलेला स्कोप लागतो. पण ज्यांचा टाळू सरकतो ते बहुधा गुरगुरतात आणि धावता धावता एकाएकी थांबतात. याचं तसं नव्हतं.

श्वासनलिकेत उतरल्यावर दिसलं ते मी मोबाइलवर चित्रित केलं, कारण मालकांना पटवायचं होतं. गुलाबी नळीच्या तळाशी कफाची एक पांढरी धार, थेंब नव्हे, सलग ओघळ. शून्य ते पाचच्या मोजणीत तीन. खेळाच्या घोड्यात तीन म्हणजे दखल घ्यायलाच हवी. रक्त कुठेही नाही. रेसच्या घोड्यांना जोरात धावताना फुफ्फुसांतून रक्त येतं, आणि जुना रेसचा घोडा म्हणून ती शंकाही मनात होती.

तिथूनच थोडं द्रव कल्चरसाठी घेतलं. नंतर त्यात दोन-तीन प्रकारचे जंतू अगदी विरळ उगवले, आजाराला जबाबदार धरावा असा एकही नाही.

एका रंगाची चूक

पुढची पायरी फुफ्फुस धुऊन घेण्याची, आम्ही तिला बीएएल म्हणतो. आता गुंगी लागते. झायलाझिन आणि ब्युटोर्फॅनॉल देऊन डोकं खाली आल्यावर लांब सिलिकॉनची नळी नाकातून थेट श्वासनलिकेत, मग पुढे जाऊन अडेपर्यंत. वाटेत बधिर करणारं, पातळ केलेलं लिडोकेन सोडत जायचं, नाहीतर घोडा इतका खोकतो की नळी टिकत नाही. नळी अडली की टोकाचा फुगा हवेने भरायचा आणि अंगाइतकं कोमट केलेलं 250 मिलिलिटर निर्जंतुक सलाइन आत सोडून लगेच परत ओढायचं. बादलकडून 130 मिलिलिटर परत आलं. वर पांढरा फेस होता, ताकावर येतो तसा. हा फेस हवा, कारण तो वायुकोशातल्या द्रवाचा असतो. फेस नसेल तर नळी भलत्या जागी होती असं समजायचं.

नमुना बर्फाच्या डब्यात घालून दीड तासात शहरातल्या ओळखीच्या पॅथॉलॉजी लॅबमध्ये पोचवला. माणसांची लॅब, घोड्याचं फुफ्फुस त्यांनी कधी पाहिलं नव्हतं, पण सेंट्रिफ्यूज त्यांच्याकडे होतं. स्लाइड मी स्वतः मोजायला बसलो. संध्याकाळचे सात वाजून गेले होते, लॅब बंद व्हायची वेळ. म्हणून झटपट रंग लावला. संरक्षणाच्या कोणत्या पेशी किती टक्के ते बघायला 400 पेशी मोजल्या. मॅक्रोफेज 52 टक्के, लिम्फोसाइट 39, न्यूट्रोफिल 7, इओसिनोफिल 1, मास्ट पेशी 1.

निरोगी घोड्यात न्यूट्रोफिल पाच टक्क्यांपर्यंत असतात. दमा म्हणायला 2016 च्या निवेदनाप्रमाणे दहाच्या वर लागतात. सात म्हणजे ना धड इकडे ना धड तिकडे. त्या रात्री मी मालकांना मेसेज केला: "बीएएल जवळजवळ नॉर्मल. उद्या बोलू." हा मेसेज अजून माझ्या फोनमध्ये आहे.

झोप लागेना. छातीतली शिट्टी, कफाची धार, सईसाचं वाक्य, सगळं एका दिशेला आणि मोजणी दुसऱ्या. पहाटे आठवलं की झटपट रंगात मास्ट पेशींचे दाणे पुष्कळदा रंगतच नाहीत. त्या पेशी मग फिकट मॅक्रोफेजसारख्या किंवा मोठ्या लिम्फोसाइटसारख्या दिसतात आणि आपण त्यांना भलत्याच रकान्यात टाकतो. कॉलेजात हे शिकवलं होतं, परीक्षेत लिहिलंही होतं.

नशिबाने चार स्लाइडपैकी दोन कोऱ्या ठेवल्या होत्या. सकाळी एकीला नेहमीचा सावकाश चालणारा गिम्सा आणि दुसरीला टोलुइडीन ब्लू लावला. टोलुइडीन ब्लू इतर पेशींना फिकट निळं करतं. मास्ट पेशीचे दाणे मात्र त्या निळ्यात जांभळट-लाल उमटतात, पिकलेल्या तुतीसारखे. भिंगाखाली पहिल्याच ठिकाणी तीन दिसल्या. पुन्हा 400 मोजल्या: मास्ट पेशी 8 टक्के. दोनपर्यंत ठीक, पाचच्या वर दमा. मॅक्रोफेज 47 आणि लिम्फोसाइट 37 वर उतरले. काल मी सात टक्के पेशी या दोन घरांत ढकलून दिल्या होत्या.

इओसिनोफिल एकच टक्का असल्याने गाढवांकडून येणाऱ्या फुफ्फुसातल्या जंतांची शंका जवळजवळ मिटली. शाळेमागे वीटभट्टी आहे आणि तिथली गाढवं त्याच कुरणात चरतात, म्हणून शेणही तपासलं. अळ्या नव्हत्या.

मालकांना फोन करून सांगितलं की कालचा मेसेज चुकीचा होता, आणि चूक माझी होती. ते म्हणाले, "डॉक्टर, म्हणजे आजार आहे की नाही?" मी म्हटलं, आहे. आता तो कुठून येतो ते बघायला मी उद्या पहाटे पाचला येतो. "पाचला? घोडा तर सहाला निघतो." म्हणूनच पाचला.

पहाटे पाच

पागा म्हणजे मधे बोळ आणि दोन्ही बाजूंना ठाणं. बोळाच्या दोन्ही टोकांना थंडीसाठी ताडपत्री लावलेली, दिवाळीनंतर लावली ती अजून उतरवली नव्हती. आत शिरताच डोळ्यांना चुरचुर जाणवली. माणसाला उभ्या उभ्या अमोनियाचा वास येतो तेव्हा घोड्याच्या नाकाशी तो कितीतरी जास्त असतो, कारण त्याचं नाक अर्धा वेळ जमिनीलगत असतं.

बादलचं ठाण डाव्या कोपऱ्यात. पूर्वी तो दाराजवळ असायचा. नोव्हेंबरमध्ये थंडी वाढली तेव्हा शाळेतला सगळ्यात चांगला घोडा म्हणून त्याला सगळ्यात उबदार जागा दिली होती. जागा उबदार होती कारण तिची एक भिंत चाऱ्याच्या गोदामाला लागून होती. त्या भिंतीत छताखाली दोन फुटांची एक खिडकी, गोदामातला भुसा इकडे सहज ढकलता यावा म्हणून ठेवलेली. खिडकीखालीच वाळल्या गवताची जाळी उंच टांगलेली, म्हणजे गवत पायाखाली वाया जात नाही. गव्हाणीत कोरडा गव्हाचा कोंडा. खाली गव्हाच्या भुश्याचं जाड अंथरूण.

मी मोबाइलचा दिवा लावून आडवा धरला. तेवढ्यात बोळात झाडलोट सुरू झाली, घोडे आत असतानाच, रोजच्यासारखी. दिव्याच्या झोतात धूळ इतकी दाट फिरत होती की समोरची भिंत अंधुक दिसू लागली. बादलने जाळीत नाक खुपसलं, गवत ओढलं आणि झोत एकदम पांढरा झाला. डोळ्यांना दिसते ती धूळ त्यातल्या त्यात निरुपद्रवी असते. ती नाकातच अडकते. पाच मायक्रॉनखालचे कण, बुरशीचे बीजाणू, जंतूंच्या कवचांचे तुकडे, हे दिसत नाहीत आणि खालपर्यंत उतरतात. वीस मिनिटांनी खरारा झाला, खोगीर चढलं, सहाला घोडा बाहेर आला. सहा वाजून नऊ मिनिटांनी पहिला खोकला.

सईस माझ्याकडे बघून काही बोलला नाही.

औषध न देण्याचा वाद

मालकांना इंजेक्शन हवं होतं. "एक डेक्सा मारा, एप्रिलमध्ये स्पर्धा आहे." डेक्सामेथासोनने खोकला नक्की कमी झाला असता. पण मग धूळ तशीच राहिली असती, आम्हाला काय लागू पडलं ते कळलं नसतं, स्पर्धेआधी औषध अंगातून जायला किती दिवस लागतील याचा हिशेब सुरू झाला असता, आणि स्टेरॉइडने खुरांना लॅमिनायटिस, म्हणजे आतून सूज, होण्याची भीती वेगळी. विश्रांतीत धाप लागणारा घोडा असता तर मी वाट पाहिली नसती. इथे मी चार आठवडे मागितले. बोलाचाली झाली. शेवटी मुलगीच म्हणाली, "बाबा, तीन महिने त्यांचं ऐकलंत, चार आठवडे यांचं ऐका."

बादलला दाराजवळच्या जुन्या ठाणात हलवलं. ताडपत्र्या उतरवल्या. खाली रबरी मॅट आणि सुताराकडचे जाड छिलपे. वाळलं गवत अर्धा तास पाण्यात बुडवून, निथळून, जमिनीवर. फेब्रुवारी-मार्चात बरसीम हिरवी मिळते, ती जमेल तेवढी. कोंडा कालवून. झाडलोट घोडे बाहेर गेल्यावर. सकाळच्या कामाखेरीज दिवसभर तो बाहेर, लिंबाखाली. भिजवलेल्या गवताबाबत एक सांगायला विसरलो होतो आणि सईसानेच फोन करून विचारलं: सकाळचं भिजवलेलं संध्याकाळी चालेल का? मार्चच्या उन्हात नाही. आंबतं. जेवढं लगेच खाईल तेवढंच भिजवायचं.

दहाव्या दिवशी खोकला बंद झाला. त्याच कसरतीनंतर दहा मिनिटांनी पूर्वी श्वास 52 असायचा, चौथ्या आठवड्यात 28 होता. पिशवीच्या परीक्षेत शिट्टी नाही. बीएएल पुन्हा केलं, या वेळी दोन्ही रंग पहिल्याच दिवशी: न्यूट्रोफिल 5, मास्ट पेशी 4. चार म्हणजे पाचच्या खाली, पण दोनच्या वर. मी मास्कमधून ओढायच्या स्टेरॉइडचा पर्याय मांडला, मालक नको म्हणाले, मीही फार आग्रह धरला नाही. स्पर्धा गेली, बादल दहा अडथळ्यांपैकी एक पाडून आला आणि मुलीच्या म्हणण्याप्रमाणे तो दोष तिचा होता.

कोपऱ्यातल्या ठाणात आता खोगीरं ठेवतात. खिडकी विटांनी बुजवली.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात रात्री नऊला सईसाचा फोन आला. पलीकडच्या शेतात नरवाई, म्हणजे कापणीनंतर उरलेली धाटं, पेटवली होती आणि वारा शाळेकडे होता. बादल दोनदा खोकला होता. "साहब, बाहर रखूँ कि अंदर?" आत ठेवला तर बंद पागा, बाहेर ठेवला तर धूर. मी विचारलं, विहिरीकडच्या वाड्यात धूर येतो का. त्याने जाऊन पाहिलं, फोन चालूच होता, त्याच्या चपलांचा आवाज येत होता. तिथे कमी होता. "मग तिकडे बांध. उद्या खोगीर घालू नकोस. सकाळी श्वास मोजून मला सांग."

सकाळी साडेपाचला मेसेज आला: सोळा.